क्री-इनुक्टिटुट सिलॅबिक्स: एनएफसी लावूनही सारखे दिसणारे शब्द शोधात जुळत नाहीत

अक्षरवेल (प्रश्न)

नमस्कार मंडळी. कॅनडातल्या क्री आणि इनुक्टिटुट मजकुराचा एक संग्रह शोधण्याजोगा करायचा आहे. मजकूर तिथल्या सिलॅबिक लिपीत आहे. देवनागरीसाठी जी पद्धत वापरतो तीच लावली: सगळं यूटीएफ-८ मध्ये आणायचं, एनएफसी करायचं (एकाच अक्षराची वेगवेगळी कोडरूपं एका ठरलेल्या रूपात आणणारा युनिकोडचा नियम), शब्द तोडायचे, इंडेक्स बांधायचा. पण तीन ठिकाणी गाडी अडली आहे.

पहिली अडचण: पडद्यावर हुबेहूब सारखे दिसणारे दोन शब्द एकमेकांशी जुळत नाहीत. एकात यू+१४१८ असं एकच अक्षर आहे, दुसऱ्यात त्याच जागी यू+१४०ए आणि यू+१४२७ अशी जोडी. एनएफसीने दोन्ही जसेच्या तसे राहतात, त्याच नियमाच्या सैल आवृत्तीने, एनएफकेसीनेही तेच. दुसरी: काही जुन्या वर्ड फाइली उघडल्या की सिलॅबिक्सऐवजी ‘डब्ल्यू के ४ टी जी ५’ असली रोमन अक्षरं आणि आकडे दिसतात. तिसरी: युनिकोडमधल्या अक्षरांच्या नावांवरून लिप्यंतर केलं, तर खुद्द ‘इनुक्टिटुट’ या शब्दाचं ‘इनोक्टितोत’ झालं.

सिलॅबिक अक्षरं इथे थेट लिहिली तर अनेकांच्या फोनवर नुसते चौकोन दिसतील, आणि जुळी अक्षरं डोळ्यांनी ओळखताही येत नाहीत. म्हणून कोडपॉइंट, म्हणजे अक्षराचा युनिकोडमधला क्रमांकच लिहितोय. षोडशमानातली अक्षरं ए, बी, सी अशी.

---

लिपीकार

इथे देवनागरीची सवयच आडवी येते आहे. आपल्याकडे ‘पि’ म्हणजे प आणि वेलांटी, दोन कोडपॉइंट. सिलॅबिक्समध्ये वेलांटी, काना, मात्रा असं काही नाहीच. व्यंजनाचा आकार कुठल्या दिशेला वळवलाय त्यावरून स्वर कळतो. प-वर्गाचा आकार म्हणजे एक साधा कोन. टोक खाली असेल तर ‘पे’ (यू+१४२एफ), वर असेल तर ‘पि’ (यू+१४३१), उजवीकडे ‘पो’ (यू+१४३३), डावीकडे ‘प’ (यू+१४३८). प्रत्येक दिशेला स्वतंत्र कोडपॉइंट. हलन्त नाही, जोडाक्षर नाही. शब्दात व्यंजन एकटं आलं तर त्यासाठी लहान, वर उचललेलं अंत्यचिन्ह असतं आणि त्यालाही स्वतःचा कोडपॉइंट आहे.

१९९९ च्या युनिकोड ३.० मध्ये ही लिपी ६३० अक्षरांनिशी आली. २००९ मध्ये ५.२ आवृत्तीत मूळ पट्टा भरला आणि यू+१८बी० पासून ७० अक्षरांचा दुसरा पट्टा जोडला गेला. २०२१ मध्ये १४.० आवृत्तीत यू+११एबी० पासून आणखी १६ अक्षरं आली. म्हणजे एकूण ७२६, आणि त्यातल्या एकाही अक्षराला विघटन (ते कुठल्या तुकड्यांपासून बनतं याची नोंद) दिलेलं नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचं मूळ हेच. एनएफसी काय किंवा एनएफकेसी काय, फक्त युनिकोडच्या विघटन-तक्त्यातल्या जोड्या जुळवतात. र आणि नुक्ता मिळून ऱ होतो, कारण तसं तक्त्यात लिहिलंय. यू+१४५५ (‘त’) आणि वर चढणारा ठिपका यू+०३०७ मिळून यू+१४५६ (‘ता’) होत नाही, कारण तक्त्यात काहीच नाही. दिसायला दोन्ही एकच.

मराठी शोधात ‘तऱ्हा’ बसवताना हे कोडं सगळ्यांनी पाहिलेलं असतं. ऱ-ला हलन्त जोडून लिहिलेला आणि र, हलन्त, झेडडब्ल्यूजे (न दिसणारं जोडचिन्ह) असा लिहिलेला, दिसतात सारखेच, पण एनएफसी त्यांना एक करत नाही. आपल्याकडे ती एक कोपऱ्यातली गोष्ट. सिलॅबिक्समध्ये दर दुसऱ्या ओळीत तेच.

म्हणून घडी घालणारा, म्हणजे सारखी रूपं एकात आणणारा, तक्ता स्वतःच लिहावा लागतो. मूळ मजकूर कधीही बदलू नका. शोधासाठी वेगळा रकाना ठेवा आणि घडी फक्त त्याच्यावर घाला. पायऱ्यांचा क्रम महत्त्वाचा:

आधी ठिपक्याची जुळी भावंडं एकत्र आणा. सिलॅबिक्सचा स्वतःचा मधला ठिपका यू+१४२७. लोक त्याऐवजी यू+००बी७ टाइप करतात, कधी गणिती ठिपका यू+२२सी५. शेजारी सिलॅबिक अक्षर असेल तरच तो यू+१४२७ करा, नाहीतर त्याच पानावरच्या फ्रेंच-इंग्रजी मजकुराची वाट लागेल. मग वर चढणारा ठिपका मुळाक्षराबरोबर एकत्र करा: यू+१४५५ आणि यू+०३०७ चा यू+१४५६. मधल्या ठिपक्याच्या जोड्या त्यानंतरच करा, कारण दीर्घ ‘वा’ (यू+१४१ए) हा दीर्घ ‘आ’ (यू+१४०बी) आणि ठिपका यांपासून बनतो. क्रम उलटा केलात तर ही जोडी जुळत नाही आणि एक ठिपका अधांतरी उरतो.

आता खरी गोम. मधला ठिपका म्हणजे ‘व’चा उच्चार. पश्चिमेकडच्या क्रीमध्ये तो अक्षराच्या उजवीकडे येतो, पूर्वेकडच्या क्रीमध्ये डावीकडे. म्हणून ‘व’ला दोन कोडपॉइंट आहेत: यू+१४१७ डाव्या ठिपक्याचा, यू+१४१८ उजव्या. शब्दाच्या मधोमध सुटा यू+१४२७ सापडला, तर तो मागच्या अक्षराचा की पुढच्या, हे मजकूर कुठल्या समाजाचा आहे हे कळल्याशिवाय सांगता येत नाही. चुकीच्या बाजूला जोडलात तर शब्द बदलतो, आणि प्रोग्रॅम कुठलीही एरर देत नाही.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं आहे. युनिकोडमधली नावं ही नावं आहेत, उच्चार नव्हेत. एकच आकार अनेक भाषांत वापरला जातो, म्हणून त्याला एक कोडपॉइंट आणि कुठल्या तरी एका भाषेतलं नाव मिळालं. यू+१४०५ चं नाव ‘ओ’, पण इनुक्टिटुटमध्ये तो ‘उ’. तसंच ‘नो’ नावाचा यू+१४सी४ म्हणजे ‘नु’, ‘तो’ नावाचा यू+१४५० म्हणजे ‘तु’. लिप्यंतराचा तक्ता भाषेगणिक वेगळा करा. नावं एकदा ठरली की युनिकोड ती बदलत नाही, तेव्हा पुढच्या आवृत्तीत सुधारणा होईल ही आशाही नको.

थोडं अवांतर: जेम्स एव्हन्स या मिशनऱ्याने १८४० मध्ये नॉर्वे हाउस इथे ही लिपी छापायला सुरुवात केली. तिच्या घडणीत पिटमनच्या लघुलिपीचा आणि देवनागरीचा प्रभाव अभ्यासकांनी दाखवला आहे. क्री लोकांची मौखिक परंपरा मात्र ही लिपी कॉलिंग बॅजर यांना मिळाली असं सांगते. तिथल्या लोकांसाठी काम करताना दुसरी बाजूही ठाऊक असलेली बरी.

---

अक्षरवेल

आभार, बरंच उलगडलं. पण बहुतेक फाइलींवर पूर्व की पश्चिम याची नोंदच नाही. मजकुरावरून ओळखता येईल का?

---

लिपीकार

बऱ्याच अंशी येईल. दोन खुणा मोजा.

पहिली अंत्यचिन्हं. पश्चिमेकडे ती साध्या रेघा आणि अर्धवर्तुळं असतात: त साठी यू+१४१एफ, क साठी यू+१४२०, न साठी यू+१४२३. पूर्वेकडे ‘अ’कारान्त अक्षरच लहान करून वर चढवतात: त साठी यू+१४६६, क साठी यू+१४८३, न साठी यू+१४डी०. एका दस्तऐवजात दोन्ही गटांची संख्या काढली की कल लगेच कळतो. इनुक्टिटुटही पूर्वेकडच्याच गटात पडते, पण तिथे ‘व’चा ठिपकाच नसतो, तेव्हा ती आधी बाजूला काढा. यू+१५८५ (क़-चं अंत्यचिन्ह) भरपूर दिसलं की ती इनुक्टिटुट समजा.

दुसरी खूण अधिक भरवशाची. त्याच दस्तऐवजात आधीपासून जोडून आलेली ‘व’ची अक्षरं मोजा, यू+१४१७ च्या बाजूची किती आणि यू+१४१८ च्या बाजूची किती. ओजिब्वे या क्रीच्या नात्यातल्या भाषेच्या मजकुरात अंत्यचिन्हांच्या पद्धती मिसळलेल्या असतात, तिथे पहिल्या खुणेवर विसंबू नका. दोन्ही खुणा परस्परविरोधी निघाल्या तर तो दस्तऐवज माणसाकडे पाठवा. अशा वेळी अंदाजाने जोडण्यापेक्षा ठिपका सुटा ठेवणं परवडलं.

शोधात आणखी एक पातळी ठेवा. कित्येक लेखक दीर्घत्वाचा ठिपका देतच नाहीत. तेव्हा दुसऱ्या रकान्यात यू+१४५६ चा यू+१४५५ करून सगळे दीर्घ ऱ्हस्व करा. आपण मराठी शोधात ऱ्हस्व-दीर्घाला सूट देतो तसंच. क्रमवारीत मात्र तंतोतंत जुळलेलं वर ठेवा.

---

सोलापूरकर

दुसऱ्या प्रश्नावर. ‘डब्ल्यू के ४ टी जी ५’ हे ‘इनुक्टिटुट’च आहे, अक्षरागणिक: डब्ल्यू म्हणजे यू+१४०३ (इ), के म्हणजे यू+१४सी४ (नु), ४ म्हणजे यू+१४८३ (क-चं अंत्यचिन्ह), टी म्हणजे यू+१४४ई (ति), जी म्हणजे यू+१४५० (तु), ५ म्हणजे यू+१४६६ (त-चं अंत्यचिन्ह). युनिकोडपूर्व काळातले नुनाकॉम, प्रोसिल असले फाँट. आपल्या श्रीलिपीच्या किंवा कृतिदेवच्या फाइली फाँट नसलेल्या संगणकावर उघडल्या की जे होतं तेच इथे झालंय. फाइलमध्ये रोमन अक्षरांचेच बाइट असतात, फक्त फाँट त्यांना सिलॅबिक चेहरा देतो.

रूपांतर करताना अख्ख्या फाइलवर शोधा-आणि-बदला अजिबात चालवू नका. एकाच परिच्छेदात इंग्रजी वाक्यही असतं आणि त्याचं सिलॅबिक होऊन बसतं. जुनी डॉक फाइल आधी लिबरऑफिसने डॉकएक्समध्ये आणा. मग एक्सएमएलमधला प्रत्येक रन (एकाच स्वरूपाचा सलग मजकुराचा तुकडा) तपासा आणि त्याचा फाँट जुन्या यादीतला असेल तरच तक्ता लावा. बऱ्याच रनवर फाँटचं नाव लिहिलेलंच नसतं, ते परिच्छेदाच्या स्टाइलमधून किंवा त्या स्टाइलच्या मूळ स्टाइलमधून येतं. तो वारसा मागे जाऊन सोडवला नाहीत तर मजकुराचा मोठा भाग रोमनच राहील.

आकड्यांची पंचाईत वेगळी. अंत्यचिन्हं आकड्यांच्या कळांवर आहेत, मग जुन्या फाँटच्या रनमध्ये सापडलेला ‘१९९९’ हे साल की चार अंत्यचिन्हं? इथे भाषाच मदतीला येते. इनुक्टिटुटमध्ये तीन व्यंजनं सलग येत नाहीत. अंत्यचिन्हापुढे अक्षर आलं की दोन व्यंजनं झाली, म्हणजे दोन अंत्यचिन्हं लागोपाठ येऊच शकत नाहीत. तेव्हा सलग दोन किंवा जास्त आकडे दिसले की ते खरे आकडे समजा. एकटा आकडा शब्दाच्या पोटात किंवा शेवटी असेल तर अंत्यचिन्ह. दोन्ही बाजूंना मोकळी जागा असलेला एकटा आकडा हाताने तपासायच्या यादीत टाका.

हाच नियम रूपांतरानंतर तपासणीलाही वापरा: लागोपाठ दोन अंत्यचिन्हं, किंवा सिलॅबिक अक्षराला चिकटलेलं रोमन अक्षर सापडलं की तक्त्यात चूक किंवा रनची हद्द चुकलेली. वर्डच्या आपोआप-दुरुस्तीचे घावही असेच सापडतात. वाक्याचं पहिलं अक्षर कॅपिटल करायची सोय चालू राहिली असेल तर त्या जागी वेगळाच बाइट बसलेला असतो, आणि सरळ अवतरणचिन्ह वळणदार झालेलं असतं. असे बाइट तक्त्यात नसतात. ते गाळू नका, त्या जागी यू+एफएफएफडी (न ओळखलेल्या अक्षराचं चिन्ह) घालून ठेवा, म्हणजे मोजता येतात.

पीडीएफमध्येही टेक्स्ट लेयर असाच निघतो. तिथे फाइलीत अंतर्भूत फाँटचं नाव वाचा. नावाआधी सहा अक्षरं आणि अधिकचं चिन्ह असतं, ते काढूनच यादीशी जुळवा.

---

टंकवेडा

वरच्या दोघांच्या म्हणण्यात थोडी भर आणि एक दुरुस्ती.

लिपीकार म्हणतात तसा यू+००बी७ चा यू+१४२७ करा, पण तो शब्द तोडायच्या आधी करा. यू+१४२७ हा युनिकोडच्या लेखी अक्षर आहे, यू+००बी७ विरामचिन्ह. पायथॉनच्या रेगेक्समधला (नमुना देऊन मजकूर शोधण्याची सोय) ‘शब्दातलं अक्षर’ हा वर्ग विरामचिन्हावर तुटतो, म्हणून शब्दाचे दोन तुकडे होतात. आयसीयू या युनिकोडच्या प्रोग्रॅम-संचाचा शब्दविभाजक मात्र दोन अक्षरांमधल्या यू+००बी७ वर तुटत नाही. एकाच संग्रहावर दोन साधनं वापरली की दोन वेगळे इंडेक्स तयार होतात आणि चूक कुठे आहे ते दिवसभर सापडत नाही. जावास्क्रिप्टमध्ये तो जुना वर्ग फक्त रोमन अक्षरं ओळखतो, तिथे लिपीचं नाव सांगणारा युनिकोड वर्ग वापरा.

ओसीआर करून (पानाच्या चित्रातून अक्षरं ओळखून) आलेल्या मजकुरात बहुरूपी अक्षरांचा सुळसुळाट असतो. ‘प’ (यू+१४३८) ऐवजी ‘पेक्षा लहान’चं चिन्ह येतं, आणि ते तसंच वेबपानात गेलं की पुढचा मजकूर टॅग समजून गायब. ह-चं अंत्यचिन्ह यू+१४२६ म्हणजे दोन उभ्या रेघा, त्याऐवजी दुहेरी अवतरणचिन्ह. फुलीसारखी दिसणारी तर तीन आहेत: यू+१५७डी (क्रीमधलं ‘ह्क’), यू+१५४१ आणि यू+१६६डी. त्यातलं तिसरं अक्षर नव्हे, ख्रिस्ताच्या नावासाठीचं चिन्ह आहे. क्री मजकुरात शब्दाच्या शेवटी यांपैकी काहीही सापडलं तरी बहुधा यू+१५७डी अभिप्रेत असतं. पूर्णविराम यू+१६६ई हीसुद्धा बारीक फुलीच. तो मात्र सुटा ठेवा, वाक्यं त्यावरच तुटतात. आणि साधा हायफन च-च्या अंत्यचिन्हासारखा (यू+१४२८, आडवी रेघ) दिसतो, म्हणून सिलॅबिक्सला स्वतःचा दुहेरी रेघेचा हायफन यू+१४०० दिलेला आहे. जुन्या मजकुरात साधाच हायफन मिळेल.

डेटाबेस आधीच तपासा. २०२१ मध्ये आलेल्या १६ अक्षरांपैकी १२ उत्तर कॅनडातल्या नुनावुत प्रदेशातल्या नात्तिलिक बोलीसाठी आहेत. ती यू+११एबी० पासून, म्हणजे मूळ पातळीच्या (यू+एफएफएफएफ पर्यंतच्या) बाहेर, आणि यूटीएफ-८ मध्ये चार बाइट घेतात. मायएसक्यूएलचा जुना ‘यूटीएफ८’ प्रकार तीनच बाइट घेतो. कडक मोड बंद असेल तर पहिल्या अशा अक्षरापाशी मजकूर कापला जातो आणि नुसती सूचना येते. ‘यूटीएफ८एमबी४’ घ्या, पण ‘जनरल सीआय’ क्रमवारी (अक्षरांची तुलना करायची पद्धत) नको. ती मूळ पातळीबाहेरची सगळी अक्षरं एकसारखी समजते, त्यामुळे नात्तिलिकची बाराही अक्षरं एकमेकांशी ‘जुळतात’. घडी घातलेल्या रकान्यावर बायनरी क्रमवारी लावा. पायथॉन ३.१० चा युनिकोड तक्ता १३.० चा आहे, त्याला ही अक्षरं अक्षरंच वाटत नाहीत. ३.११ पासून ठीक.

फाँटसाठी विंडोज ८ पासून गडुगी असतो, त्याआधी व्हिस्टापासून युफेमिया. वेबपानावर नोटोचा कॅनेडियन अबोरिजिनल फाँट सोबत द्या आणि भाषेचा टॅग लिपीसह लिहा. नात्तिलिक अक्षरं जुन्या फाँटांत नाहीत, तिथे चौकोन दिसले तर डेटा बिघडलाय असं समजून पुन्हा रूपांतर करत बसू नका.

---

अक्षरवेल

डेटाबेस खरंच ‘जनरल सीआय’वर होता, आत्ता बदलतोय. संग्रहात पुढे थोडा चेरोकी मजकूरही येणार आहे. त्याला हाच तक्ता चालेल?

---

टंकवेडा

नाही. चेरोकी ही वेगळी लिपी, सेक्वोयाने १८२१ च्या सुमारास स्वतः घडवलेली, आणि तिचा त्रास वेगळा. तिथे ठिपके नाहीत, पण कॅपिटल-स्मॉल आहे. युनिकोड ३.० मध्ये तिला एकच रूप होतं. २०१५ च्या ८.० आवृत्तीत स्मॉल अक्षरं आली, बहुतेक यू+एबी७० पासून आणि सहा यू+१३एफ८ पासून. तोवर जगभर साठलेला सगळा मजकूर त्यामुळे कॅपिटल ठरला. जुन्या मजकुराचं केसफोल्डिंग (शोधासाठी कॅपिटल-स्मॉलचा भेद मिटवणं) बदलायचं नाही असा युनिकोडचा पक्का नियम आहे, म्हणून चेरोकीत केसफोल्ड स्मॉलचं कॅपिटल करतं. बाकी लिप्यांत उलटं होतं.

‘त्सलगी’ या त्यांच्या नावाचं पहिलं अक्षर यू+१३ई३. पायथॉनमध्ये त्याला ‘लोअर’ लावलं की यू+एबीबी३ मिळतं, ‘केसफोल्ड’ लावलं की यू+१३ई३ च राहतं. इंडेक्स एकाने आणि प्रश्न दुसऱ्याने केला की शून्य निकाल. दोन्हीकडे केसफोल्डच वापरा. आणि चेरोकी अक्षरं रोमनसारखी दिसतात: यू+१३ए० हे डी-सारखं, उच्चार ‘अ’, यू+१३बी३ डब्ल्यू-सारखं, उच्चार ‘ल’. ओसीआरनंतर एका शब्दात दोन लिप्या मिसळल्यात का, हे आधी तपासा.

---

लिपीकार

इनुक्टिटुटच्या तक्त्यात दोन ओळी राहिल्या होत्या, त्या घाला. नकाराचा प्रत्यय ‘न्ङित’ पानोपानी येतो, त्यामुळे यांचा परिणाम मोठा आहे. त्यातला ‘न्ङि’ कुणी यू+१६७१ या एकाच अक्षराने लिहितं, कुणी न-चं अंत्यचिन्ह यू+१४डी० आणि पुढे यू+१५८एफ असं. जोडी सापडली की यू+१६७१ करा. तसंच यू+१५९१ च्या जोडीचा यू+१६७३, आणि यू+१५९३ च्या जोडीचा यू+१६७५.

दुसरी ओळ द्वित्त क़-ची. क़-चं अंत्यचिन्ह यू+१५८५ आलं की त्यापुढे प्रमाण लेखनात क-वर्गाचं अक्षर लिहितात, म्हणजे यू+१५८५ आणि यू+१४६डी. काहीजण उच्चाराप्रमाणे यू+१५८५ पुढे यू+१५७एफ लिहितात. शोधाच्या रकान्यात यू+१५७एफ चा यू+१४६डी, यू+१५८१ चा यू+१४६एफ आणि यू+१५८३ चा यू+१४७२ करा, पण फक्त आधी यू+१५८५ असेल तेव्हाच. ही अट विसरलात तर ‘क़’ आणि ‘क’ सगळीकडे एक होतील, आणि इनुक्टिटुटमध्ये ते दोन वेगळे शब्द असतात.